वेळेपूर्वीची निवृत्ती: दोघांचा हिशेब

कामगार चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला की तो पगारवाढीवर बोलणार, असे मंडळी धरून चालतात. आज आम्ही पगार थांबल्यानंतरच्या दिवसांविषयी बोलणार आहोत. आमच्या युनियनच्या कचेरीत पूर्वी लोक विचारीत, ‘भाऊ, आणखी दोन वर्षे वाढवून मिळतील का?’ अलीकडे निम्मी माणसे उलट विचारतात, ‘भाऊ, पन्नाशीतच सुटता येईल का?’ विचारणाऱ्यांत खरादीवरचा कामगार असतो, बँकेतला कारकून असतो, आणि मधूनमधून त्यांची पत्नीही असते. या प्रश्नाला आळस म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्ही म्हणत नाही. सव्वीस वर्षे तीन पाळ्या केलेल्या माणसाला सकाळी सात वाजेपर्यंत निजावेसे वाटले, तर त्यात त्याचे काय चुकले?

शिवाय निवृत्तीचे वय काही वेदांत सांगितलेले नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत १८८९ साली कामगारांच्या म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला, तेव्हा ते वय सत्तर होते. १९१६ साली ते पासष्टावर आणले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरांचे वय पूर्वी पंचावन्न होते, १९६२ साली अठ्ठावन्न झाले, १९९८ साली साठ झाले. महाराष्ट्र सरकारचा कारकून अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी जातो आणि त्याच कचेरीतला शिपाई साठाव्या वर्षी. माणसांनी ठरवलेला आकडा माणसे आपल्यापुरता बदलू शकतात. मात्र बदलण्यापूर्वी हिशेब करावा लागतो, आणि तो कसा करावा हे आम्ही स्वतः चुकून शिकलो आहोत. म्हणून आधी ती चूक सांगतो.

२००४ साली एका कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. ‘स्वेच्छा’ हा शब्द कागदावर होता. न जाणाराची बदली दुसऱ्या राज्यात करू, असे तोंडी सांगितले जात होते. मालकाने माणशी साडेतीन लाख देऊ केले. आम्ही गेटवर सभा घेतल्या, उपोषणाला बसलो आणि रक्कम पाच लाखांवर नेली. त्या संध्याकाळी आम्हांला हार घातले गेले. आम्हांलाही वाटले की आपण जिंकलो. नऊ वर्षांनी एका गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावर रात्रीचा पहारेकरी उठून उभा राहिला आणि त्याने आम्हांला नमस्कार केला. हार घालणाऱ्यांतला तो एक होता. पुढे आणखी काही वर्षांनी दुसऱ्या एकाची पत्नी कचेरीत आली. नवरा गेला होता. हातात पेन्शनचा कागद होता, त्यावर महिना एक हजार रुपये. ती म्हणाली, ‘भाऊ, हे एवढेच का?’ ते खरोखरच एवढेच होते. २०१४ सालापासून या योजनेतली किमान पेन्शन एक हजार आहे आणि तिला तो किमानच लागू झाला होता. आम्ही त्या वेळी रकमेवर भांडलो होतो. ती रक्कम किती वर्षांना पुरायची आहे आणि शेवटची वर्षे कोण काढणार आहे, हा प्रश्न आमच्या मागणीपत्रात नव्हता.

आता अलीकडची गोष्ट. २०२५ सालच्या गणपतीच्या सुमारास एक जोडपे आमच्याकडे आले. कारखान्याच्या बोर्डावर स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली होती, ३० सप्टेंबरपर्यंत अर्ज द्यायचा होता. नवऱ्याचे वय बावन्न, बायकोचे अठ्ठेचाळीस. नोकरी १९९९ सालापासून, म्हणजे सव्वीस वर्षे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून तीस हजार, बाकी भत्ते धरून अडतीस हजार. बायको घरी शिवणकाम करते, त्याचे महिन्याला सहा हजार येतात. नावे सांगत नाही. आकडे त्यांच्या परवानगीने सांगतो.

नवऱ्याने हिशेब करूनच आणला होता. योजनेचे, कर वजा जाता, बावीस लाख. प्रॉव्हिडंट फंडाचे एकोणीस लाख. ग्रॅच्युइटीचे साडेचार लाख; तिचे सूत्र असे आहे: महिन्याच्या पगाराला सव्वीसने भागा, पंधराने गुणा आणि नोकरीच्या वर्षांनी गुणा. एकूण साडेपंचेचाळीस लाख. त्यावर आठ टक्के व्याज, म्हणजे महिन्याला तीस हजार तीनशे. घरखर्च त्याच्या मते चोवीस हजार. ‘भाऊ, सहा हजार उरतातच. वर हिचे सहा. मग भोंगा कशाला ऐकायचा?’

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून वहीची दोन पुस्तके आणि भिंतीवरची दोन जुनी कॅलेंडरे काढली. या कॅलेंडरांच्या चौकटींत दुधाचे लिटर, सिलिंडर लावल्याची तारीख, विजेचे बिल, डॉक्टरची फी असे सारे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, हे श्रोत्यांतल्या बायकांना सांगायला नको. आम्ही तिघांनी दोन वर्षांची बेरीज केली. कर्जाचे हप्ते वगळून महिन्याचा खर्च एकतीस हजार निघाला. चोवीस आणि एकतीस यांतले सात हजार कुठे होते? ते घरपट्टीत होते, वर्षाच्या तिखटा-मसाल्यात होते, दिवाळीत, गावच्या जत्रेत, स्कूटरच्या नव्या टायरात, दाताच्या कवळीत, भाच्याच्या लग्नातल्या आहेरात होते. महिन्याच्या खर्चात ते कधी दिसत नाहीत आणि वर्षाच्या खर्चातून कधी चुकत नाहीत. म्हणून आम्ही सांगतो की खर्च महिन्याचा धरू नये, पुऱ्या दोन वर्षांचा मांडावा आणि चोविसाने भागावा. घरात वही नसेल तर आजपासून घालावी. वही लिहून एक वर्ष होईपर्यंत निवृत्तीचा अर्ज लिहू नये.

मग जमेच्या बाजूकडे वळलो. साडेपंचेचाळीस लाखांतून घराचे कर्ज सहा लाख आणि पतपेढीचे दीड लाख नोकरी सोडतानाच फेडावे लागणार, कारण पगार नसताना हप्ता भरणार कोण? मुलाच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षे आणि मुलीचे लग्न मिळून त्यांनीच आठ लाख सांगितले. उरले तीस लाख. आठ टक्केही सर्व रकमेवर मिळत नाहीत. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत २०२४-२५ साली ८.२ टक्के व्याज होते आणि तिची मर्यादा २०२३ सालच्या एप्रिलपासून तीस लाख आहे. पण ती साठ वर्षांच्या माणसासाठी. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला ती पंचावन्नापासून मिळते, बावन्नाला मिळत नाही. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत वयाची अट नाही, तीत त्याच साली ७.४ टक्के होते आणि दोघांच्या नावावर पंधरा लाखच ठेवता येतात. एकंदर सात टक्के धरणे आम्हांला शहाणपणाचे वाटले. तीस लाखांचे महिन्याला साडेसतरा हजार झाले.

आता पेन्शन. हिच्याविषयी कामगारांत जेवढा गैरसमज आहे तेवढा दुसऱ्या कशाविषयीही नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ सालचा. आरंभी तो सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड या सहा उद्योगांना होता. त्यात पेन्शन नव्हती. १९७१ साली कुटुंब-पेन्शन आली आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून आजची पेन्शन योजना. मालक जे बारा टक्के भरतो त्यांतले ८.३३ टक्के या योजनेत जातात; पण २०१४ सालच्या सप्टेंबरपासून पंधरा हजारांच्याच पगारावर, म्हणजे जास्तीत जास्त साडेबाराशे रुपये. पगार तीस हजार असला तरी पेन्शन पंधरा हजारांवर धरतात. सूत्र असे: पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. आणि २०१४ सालच्या सप्टेंबरपूर्वीच्या वर्षांना पगार साडेसहा हजारच धरायचा.

आमच्या या मित्राची २०१४ पूर्वीची पंधरा वर्षे. साडेसहा हजार गुणिले पंधरा भागिले सत्तर, सुमारे तेराशे नव्वद. नंतरची अकरा वर्षे पंधरा हजारांनी धरली की तेवीसशे पन्नास. बेरीज तीन हजार साडेसातशेच्या आसपास. वीस वर्षांपेक्षा जास्त नोकरी म्हणून दोन वर्षांची भर मिळते, ती धरून चार हजारांच्या आगेमागे. पण ही पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षापासूनची. पन्नाशीनंतर आधी मागितली तर दर वर्षाला चार टक्के कापतात. बावन्नाला मागितली तर हातात तीन हजार शंभरच्या आतबाहेर पडतात. यावर महागाई भत्ता नाही. आज तीन हजार शंभर तर वीस वर्षांनीही तीन हजार शंभर.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण आमच्यातलेच काही नेते ती उलटी सांगतात. लवकर पेन्शन घेतली की फार मोठे नुकसान होते, हे पूर्ण खरे नाही. सहा वर्षे आधी घेतली तर तेवढ्या काळात सव्वादोन लाख हातात येतात. थांबलो असतो तर पुढे महिन्याला आठनऊशे जास्त मिळाले असते. हा फरक भरून निघायला वीस-एकवीस वर्षे लागतात, म्हणजे माणूस ऐंशीच्या घरात जातो. खरे नुकसान वेगळ्या ठिकाणी आहे. नवऱ्यामागे बायकोला त्याच्या पेन्शनच्या निम्मे मिळते. निम्मे कशाच्या? जे तो घेत होता त्याच्या. म्हणजे येथे साधारण दीड हजार.

या ठिकाणी नवऱ्याने एक आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता. ‘माझा मेहुणा बी.एस.एन.एल.मधून पन्नाशीतच आला. तो तर मजेत आहे.’ बी.एस.एन.एल.मध्ये ३१ जानेवारी २०२० रोजी सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार माणसे एका दिवसात स्वेच्छेने घरी गेली. त्याआधी २०००-०१ च्या सुमारास सरकारी बँकांतून लाखाच्या आसपास गेली. पण त्या टेलिफोनवाल्यांतले बहुतेक जुन्या दूरसंचार खात्यातून आलेले, त्यांना सरकारी पद्धतीची पेन्शन आणि तिच्यावर महागाई भत्ता. बँकवाल्यांनाही बँकेची पेन्शन. त्यांना मिळालेली रक्कम पेन्शनच्या वरची होती. खाजगी कारखान्यातल्या माणसाला मिळणारी रक्कम हीच त्याची पेन्शन. दोघांच्या अर्जावर शब्द एकच छापलेला असतो, म्हणून मेहुण्याकडे पाहून अर्ज भरला जातो.

आता बेरीज पाहा. व्याज साडेसतरा हजार, पेन्शन तीन हजार शंभर, शिवणकामाचे सहा हजार. एकूण सव्वीस हजार सहाशे. खर्च एकतीस हजार. पहिल्याच वर्षी दर महिन्याला चार हजार चारशेची तूट.

तरीही नवऱ्याचा धीर सुटला नव्हता. ‘थोडी काटकसर करू,’ तो म्हणाला. त्यावर आम्ही महागाईचा विषय काढला. रिझर्व्ह बँकेने २०१६ सालापासून महागाई चार टक्के राखण्याचे उद्दिष्ट घेतले आहे, खाली दोन आणि वर सहापर्यंत मुभा. आपण वरचा सहा धरू, कारण डॉक्टरचे आणि शाळेचे बिल चार टक्क्यांनी वाढताना आम्ही तरी पाहिलेले नाही. बहात्तराला सहाने भागा, बारा आले. म्हणजे दर बारा वर्षांनी खर्च दुप्पट. आज एकतीस हजार, बारा वर्षांनी बासष्ट, चोवीस वर्षांनी एक लाख चोवीस हजार. हा आकडा ऐकून लोक हसतात. त्यांनी आपल्या वडिलांचा पहिला पगार आठवून पाहावा.

हे गुणाकार सर्वांना जमतातच असे नाही. आम्हांलाही शाळेत जमत नव्हते. म्हणून आम्ही एक सोपी रीत वापरतो. तुमच्या ठेवीचे व्याज आणि महागाई ही जवळजवळ सारखीच धरा. मग व्याज हे उत्पन्न राहतच नाही, ते फक्त मुद्दलाची झीज भरून काढते. अशा वेळी सरळ भागाकार करायचा: जवळचा पैसा भागिले काढायची वर्षे. जे उत्तर येईल तेवढेच आजच्या किमतीत दर वर्षी खर्चायला मोकळे.

पण किती वर्षे? नवऱ्याने लगेच उत्तर दिले, ‘आमच्या घरात पंच्याहत्तरच्या पुढे कुणी गेलेले नाही. तेवीस धरा.’

आम्ही वहिनींचे वय पुन्हा विचारले. अठ्ठेचाळीस. सरकारी नमुना नोंदणीप्रमाणे २०१६-२० या काळात आपल्या देशात पुरुषाचे सरासरी आयुर्मान ६८.६ वर्षे आणि बाईचे ७१.४ होते. पण ही सरासरी जन्मापासूनची आहे, तिच्यात तान्ह्या मुलांचे मृत्यू मिसळलेले आहेत. जी बाई साठीला पोचली ती सरासरीने आणखी अठराएक वर्षे जगते, आणि सरासरी म्हणजे पुष्कळ जणी त्याहून जास्त. आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मोजून पाहा; म्हाताऱ्यांपेक्षा म्हातारे कमी भरतील. त्यातून आपल्याकडे नवरा चार-पाच वर्षांनी मोठा. म्हणजे त्याच्या मागे सात-आठ, क्वचित पंधरा वर्षे ती एकटी राहणार, हे गृहीतच धरले पाहिजे. निवृत्तीचा हिशेब त्याच्या शेवटच्या वर्षाशी संपत नाही, तिच्या शेवटच्या वर्षाशी संपतो. आम्ही चौऱ्याऐंशी धरले. हे बोलणे पुष्कळांना अशुभ वाटते. त्या दिवशी वहिनींना वाटले नाही. त्या म्हणाल्या, ‘माझी आजी नव्वदीला गेली. लिहा छत्तीस.’

तीस लाख भागिले छत्तीस, भागिले बारा. महिन्याला सात हजारांना थोडे कमी. व्याज महागाईपेक्षा एक टक्का पुढे राहिले असे मानले तर आठ हजार दोनशे. त्यात पेन्शन आणि शिवणकाम मिळवले तरी सव्वासतरा हजार होतात, हवेत एकतीस. आणि पेन्शन तर दर वर्षी आतून झिजणार.

काही वेळ कोणी बोलले नाही. मग वहिनींनी विचारले, ‘अहो, माझ्या पंच्याहत्तराव्या वर्षी या कागदावर काय आहे?’

कागदावर काही नव्हते. एकतीस हजारांचा खर्च वाढत गेला आणि तूट मुद्दलातून काढत गेले, तर तीस लाख तिच्या साठीच्या आसपासच संपत होते. त्यापुढे दीड हजाराची पेन्शन आणि राहते घर, ज्याच्या कागदावर त्यांचे नावही नव्हते. खर्चाविषयी एक भ्रम असा असतो की एक माणूस गेले की खर्च निम्मा होतो. घरपट्टी निम्मी होत नाही, दिवा निम्मा जळत नाही. उलट जे काम दोघे मिळून करीत होते, त्यासाठी कुणाला तरी पैसे द्यावे लागतात. आणि शिवणकाम? वहिनी हसून म्हणाल्या, ‘सुई ओवायला आताच चष्मा लागतो.’ नवऱ्याच्या हिशेबात त्यांचे सहा हजार जन्मभराचे धरलेले होते. त्याची निवृत्ती बावन्नाव्या वर्षी. तिची कोणत्या, हे त्याने लिहिलेच नव्हते. घरात बसलेल्या नवऱ्याचा दुपारचा चहा आणि चार वाजताचे खाणे कोणाच्या कामात जमा होते, हाही विषय आहे, पण तो एका वेगळ्या व्याख्यानाचा आहे.

आजारपणाचे पान तर कोरेच होते. कारखान्याचा मेडिक्लेम नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. राज्य विमा योजनेत असणाऱ्यांची गोष्ट वेगळी; पाच वर्षांची विमापात्र नोकरी करून जो निवृत्त झाला, त्याला आणि त्याच्या पत्नीला वर्षाला एकशे वीस रुपये भरून उपचार चालू ठेवता येतात, आणि हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी माणसे ते सोडून देतात. परंतु तिची पगारमर्यादा एकवीस हजार आहे, हा माणूस केव्हाच तिच्याबाहेर गेलेला. सत्तरीनंतर सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयाचे संरक्षण २०२४ सालच्या ऑक्टोबरपासून मिळाले आहे. प्रश्न बावन्न ते सत्तर या अठरा वर्षांचा. त्या वयात विमा घ्यायचा तर दोघांचा हप्ता वर्षाला भरावाच लागेल, आणि तो वयाबरोबर चढत जातो. म्हणून आम्ही सांगतो, राजीनाम्याच्या आधी विम्याची पॉलिसी हातात घ्यावी.

आता स्वेच्छानिवृत्तीकडे दुसऱ्या बाजूने पाहू. बावीस लाख ‘मिळतात’ असे आपण म्हणतो. वास्तविक हा विक्रीचा व्यवहार आहे. विकायचे काय? अठ्ठावन्नापर्यंतची सहा वर्षे. अडतीस हजारांनी त्यांचे सत्तावीस लाख छत्तीस हजार होतात. मालकाची फंडातली आणि पेन्शनमधली भर अडीच लाखांच्या वर, वाढणारी ग्रॅच्युइटी एक लाखाच्या वर. एकतीस लाखांची वस्तू बावीसला जाते आहे. बावीस आज हातात येतात आणि त्यांना व्याज लागते, हे खरे. म्हणून सौदा दिसतो तितका वाईट नाही. बाहेर पंधरा हजारांचे काम खात्रीने मिळत असेल तर तो चांगलाही ठरेल. पण बावन्न वर्षांच्या माणसाला आपल्या गावात पंधरा हजारांचे दिवसपाळीचे काम कोण देतो, हे प्रत्येकाने अर्ज भरण्यापूर्वी चार ठिकाणी विचारून पाहावे. नंतर विचारले तर भाव पडतो.

आणखी एक बाजू आम्ही लपवून ठेवणार नाही. माणूस कारखान्यात राहिला तर युनियनचा सभासद राहतो, तेव्हा ‘थांबा’ म्हणण्यात आमचा स्वार्थ आहे. तो वजा करून आमचे ऐकावे. आणि कारखानाच बंद पडणार असेल तर थांबण्यात अर्थ नाही. बंद कारखान्याची कायदेशीर भरपाई वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची, स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेपुढे ती किरकोळ असते. कारखान्याचे खरे काय आहे, हे मालकाच्या भाषणावरून कळत नाही. नवी ऑर्डर येते का, बिघडलेल्या यंत्राचा सुटा भाग मागवतात की दुसऱ्या यंत्राचा काढून लावतात, पगार सातला होतो की सतराला, यावरून कळते. आमच्या मित्राच्या खात्यात दोन नवी यंत्रे बसत होती.

पैसे ठेवण्याविषयी थोडक्यात सांगतो. बँकेतल्या ठेवीला २०२० सालापासून माणशी, बँकेमागे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. सहकारी बँकेलाही ते आहे, पतसंस्थेला नाही. गल्लीतला पतसंस्थेचा संचालक कितीही देवमाणूस असला तरी नाही. फंडाची रक्कम नोकरी सुटल्याबरोबर काढलीच पाहिजे असे नाही. अठ्ठावन्नापर्यंत तिला व्याज लागते, २०२४-२५ साली ते ८.२५ टक्के होते, मात्र नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर पडतो. पैसा खात्यात पडल्याची बातमी तुमच्याआधी नातेवाइकांना लागते. त्यासाठी फंड फंडातच राहू देणे हा एक सभ्य उपाय आहे.

तर मग कोणाही कामगाराला लवकर सुटता येणारच नाही का? येते. त्याच खात्यातला, त्याच वर्षी लागलेला दुसरा एक जण आमच्याकडे आला. रक्कम जवळजवळ तेवढीच. पण त्याची पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेली, म्हणजे जुन्या पेन्शनची. तिचा पगार अठ्ठावन्नापर्यंत चालू, पुढे महागाई भत्त्यासकट पेन्शन. आणि ती तिच्या स्वतःच्या नावाची, नवऱ्यामागे निम्मी होणारी नव्हे. कर्ज फिटलेले, घर दोघांच्या नावावर, एकुलता मुलगा नोकरीला. त्यांचा भागाकार आम्ही केला तेव्हा वर्षे छत्तीसच होती, पण भागायला जे होते ते महागाईबरोबर वाढणारे होते. आम्ही त्याला अर्ज भरायला सांगितले. सकाळी आता तो डबे भरतो आणि बायकोला एस.टी.च्या थांब्यावर सोडतो.

पहिल्या जोडप्याने कागद घरी नेला. आठ दिवसांनी दोघे परत आले. त्यांनी स्वतःच दुसरा हिशेब मांडला होता: पंचावन्नापर्यंत थांबायचे, तोवर पतपेढी फेडायची, मुलाचे शिक्षण पुरे होऊ द्यायचे, दोघांचा आरोग्यविमा आतापासून घ्यायचा, घरावर वहिनींचे नाव चढवायचे. पंचावन्नाला पुन्हा योजना निघाली तर ज्येष्ठ नागरिक योजनेचे दारही उघडे असेल. तरीही तूट उरत होतीच. ती त्यांनी लाल शाईने लिहिली होती, आणि तिच्यापुढे ‘दिवसपाळीचे अर्धे काम, साठपर्यंत’ असे नवऱ्याच्या अक्षरात होते.

‘आणि तीन वर्षांनी योजना निघालीच नाही तर?’ नवऱ्याने आम्हांला विचारले.

उत्तर वहिनींनी दिले. ‘तर अठ्ठावन्नाला या घरी. मी काही कुठे जात नाही.’

३० सप्टेंबरला त्याने अर्ज दिला नाही. त्या दिवशी त्याची दुसरी पाळी होती.